सरकीच्या तेलाची वाटी

कळंबच्या घनश्यामला जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता: स्वतःच्या मिशा आणि स्वतःच्या घाण्याचं सरकीचं तेल. मिशांचं सोडा, त्या मांजरालाही असतात. तेल मात्र खरंच त्याचं होतं. काळपट तांबडं, उग्र, यंत्रातून निघालं तसंच, ना शुद्ध केलेलं ना धड गाळलेलं.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. सगळा गाव तोंड पाडून बसलेला, पण सरकी स्वस्त मिळे म्हणून या गृहस्थाचं फावलं. पुढे गिऱ्हाईक पाकिटातल्या तेलाकडे वळू लागलं, तसा त्याने एक तमाशा काढला. रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर उभं राहायचं, चार लोकांदेखत कच्च्या तेलाची वाटी घटाघटा प्यायची आणि मिशा पुसायच्या.

"पाकिटातलं तेल म्हंजे पानी! हा मर्दाचा खुराक हाय, मर्दाचा!"

हा खुराक त्याच्या बायकोच्या, सत्यशीलेच्या, वाट्याला कधी आला नाही. बाईच्या जातीले कायले पायजे, म्हणून तिच्या भाजीत दुकानातलं सगळ्यात हलकं पामतेल. पहिली काही वर्षं तिला याचं वाईट वाटे. पुढे नुसती किळस येऊ लागली. सकाळी ओट्यावर वळूसारखा डुरकणारा हा माणूस दुपारी हातपाय गळून खाटेवर पडे आणि पाय चेपायला तिलाच हाक मारी.

मूल होत नव्हतं. सासू लीलाबाईंनी तिला चिंतामणीला नवस बोलायला लावले, अंगारे चाटवले आणि आळीभर वांझ म्हणून तिचं नाव करून टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, हिच्यात दोष नाही, नवऱ्याला तपासा. घनश्याम पोट धरून हसला. एवढ्या मिशांच्या माणसाला तपासायचं?

शेवटी फारकतीची बैठक ठरली. यांची घाई एवढी, की नव्या मुलीची आई तानाबाई आर्णीहून घर पाहायला त्याच दिवशी बोलावलेली. त्या घरात राहायची हौस सत्यशीलेलाही उरली नव्हती. पण वांझ हे नाव कपाळी घेऊन तिला उंबरा ओलांडायचा नव्हता.

तिला न्यायला तिचा भाऊ कपिल आदल्या दिवशीच आला होता. तो यवतमाळच्या कॉलेजात औषधशास्त्र शिकवायचा. सकाळचा वाटीचा तमाशा पाहून तो चपापला आणि बहिणीला त्याने बाजूला घेतलं.

"ताई, चीनमंधी कापसाच्या मुळ्या जुन्या काळापासून औषधाले वापरतात. तिकडं काही गावायत लोक असंच कच्चं सरकीचं तेल खात, तं पाळणाच हालेना. शोधलं, तं सरकीतून एक पिवळा पदार्थ हाती लागला. त्यानं पुरुषाचं बीज मरते. पुढं त्यायनं त्याच्या गोळ्या करून पाह्यल्या, पुरुषायच्या कुटुंबनियोजनाच्या."

बैठकीत सत्यशीलेने हे सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "वाटी बंद करा आन् तपासून घ्या. मंग मले काय म्हनाचं ते म्हना."

एकच हशा पिकला. "आता चिनी लोक शिकवतीन आमाले तेल खाले!" म्हणत घनश्याम उठला. वाटी भरली, तिच्याकडे बघत एका दमात रिकामी केली. ओघळ मिशीवरून हनुवटीवर आला. "पाह्य! हाय का नाही मर्द?"

सत्यशीला त्या ओघळाकडे पाहत राहिली. असल्या माणसाच्या पोरासाठी आपण देवापुढे पदर पसरला, याची तिला लाज वाटली. तिने वाटी घेतली, काठोकाठ भरली आणि त्याच्या हातात दिली.

"घ्या, आनखी एक घ्या."

मग फारकतीच्या कागदावर सही करून ती सासूकडे वळली. "आत्याबाई, नवी आली का तिले नवस करू लावू नका. नवस ह्या वाटीलेच बोला."

कोपऱ्यात बसलेल्या तानाबाईने घनश्यामच्या तेलकट मिशांकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या भरल्या वाटीकडे पाहिलं, आणि आपला चहा तसाच खाली ठेवला.

"पोरीचं पाहू मंग कवा," असं लीलाबाईंना म्हणून तिने पिशवी उचलली आणि दारात कपिलला गाठलं. "तुमी बसस्टँडकडंच चालले न? मलेबी संगं घेऊन चला, बाप्पा."