एसीत उगवलेलं भात

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भिवंडीच्या निजामपुऱ्यात सगळे यादव मिस्त्री म्हणायचे. गाडीच्या वायरी, दिवे, रेडिओ, एखाद्या बड्या शेठचा एसी, असलं त्यांचं काम. दुकान म्हणजे आमच्या खोलीपुढची पडवी. मी उंबऱ्यात बसून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची आणि ते समोर गाडीत डोकं खुपसून बसायचे. हात दोघांचे चालू, तोंड मात्र माझ्या एकटीचंच.

त्यांची एक खोड होती. काय बिघडलं ते सांगायचे. कुणी बिघडवलं ते मेलं तरी नाही. "ते पोलिसाला विचारा," म्हणायचे. लग्नाआधी ते दापोड्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ड्रायव्हर होते. शेठच्या मेव्हण्यानं गाडीचा रेडिओ जाळला आणि आळ आला यांच्यावर. नोकरी गेली. हे मला सासूनं सांगितलं. यांनी चकार शब्द काढला नाही, उलट रेडिओचंच काम शिकून घेतलं.

त्र्याहत्तरची दिवाळी तोंडावर आली होती. दिघाशीचे लडकूशेठ, भिवंडीत त्यांचे लूम, त्यांची अँबॅसडर दारात येऊन थांबली. चालवायला राघो. शेठ उतरले ते तणतणतच.

"रेडिओ खरखरतो, एसीचं पाणी पायावर गळतं. हा दिवसभर सावलीत एसी लावून झोपतो आणि गाणी ऐकतो. उघडून बघ मिस्त्री. संध्याकाळी येतो आणि याची चावी काढून घेतो."

शेठ गेले. राघो पायरीवर बसला, चहा दिला तो तसाच निवला. घरी दोन लहान पोरं होती त्याच्या.

मालकांनी आधी इंजिन बंद करून रेडिओ लावला. खरखर तशीच. म्हणजे इंजिनाकडून येत नव्हती. बटण फिरवलं की वाढायची, सोडलं की कमी. बटण खोललं तर आत लाल चिखल वाळलेला. कुंकू! पेट्रोलच्या बोळ्यानं पुसलं आणि आवाज खणखणीत झाला. मग एसी. गार हवा येत होती, म्हणजे यंत्र धड होतं. पाणी बाहेर सोडणारी नळी तेवढी तुंबली होती. सायकलचा आरा घालून ओढला तर काय निघावं? भाताचे दाणे, आणि त्यांना बोटभर पांढरे कोंब!

मी लगेच ओळखलं. दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात बांधून दाराला, औताला लावतात, त्याला नवं म्हणतात. आम्ही बौद्ध. त्या दिवशी आमचं दुकान बंद, आम्ही पांढऱ्या कपड्यांत धम्मचक्र दिनाच्या वंदनेला. पण शेजारच्या दारांना नवं बघतच मी वाढले.

"कुणी रे लावलं हे?" मी राघोला विचारलं.

"शेठच्या आयनं, वहिनी. एसीच्या जाळीत खोवलं, बटनांना वलं कुंकू लावलं. शेठ तवा लूमच्या पूजेला व्हते."

"मग सांग की शेठला!"

"माझी आय मेल्यावर तिनंच मला खाऊ घातलं. तिचं नाव कसं घेऊ?"

"मग बस उपाशी!" मी कांडी आपटली.

संध्याकाळी शेठ आले. बाजाराला आलेली त्यांची आई, बायजाबाई, बरोबर होती. मालक म्हणाले, "बटणात ओल गेली होती, नळी तुंबली होती. दोन्ही चालू केलंय."

"कुणाचं काम?"

"ते मला विचारू नका."

शेठनी हात पुढं केला. राघोनं मुकाट चावी दिली. माझं डोकंच सटकलं! मी ते कोंब कागदावर घेतले आणि म्हातारीच्या नाकासमोर धरले.

"आजी, ओळखता का हे?"

"आमच्या वरच्या खाचरातलं भात हाय! त्याला कोंब कशानं फुटलं?"

"तुम्ही एसीत पेरलंत म्हणून! याची नोकरी चालली त्यापायी. हा तुमचं नाव घेत नाही, आमचे मालक कुणाचंच घेत नाहीत. मोठे साधू लागून गेले दोघं!"

म्हातारी राघोकडे वळली. "मेल्या, तोंड न्हाय का तुला?" म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. तिनं लेकाच्या हातातली चावी ओढून राघोच्या हातात कोंबली. "लडकू, मी खोवलंय ते. काढायचं तं मला काढ घरातून."

शेठ खाली बघत म्हणाले, "बस आये गाडीत." ती पुढं बसली, राघोच्या शेजारी. कागदातले कोंब तिनं पदराच्या टोकाला बांधून घेतले.

गाडी गेली तसे मालक माझ्यावर चिडले. "तू मध्ये बोलायला नको होतंस."

"का नको? तुमच्या वेळेला असं कुणी मध्ये बोललं असतं तर?"

ते पान्हा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसतच होते. मग म्हणाले, "कुणीच बोललं नाही गं."