डीफॉल्टची ओळ

"सर, माग थांबत नाहीये," संदेश म्हणाला. लाल बटण त्याने तीनदा दाबलं होतं. धागा तुटलेला, क्लायंट समोर उभा. शेवटी मी मेन स्विच पाडला.

आमचं ऑफिस परळला, बंद गिरणीच्या आवारात. काम यंत्रमागाच्या कंट्रोलरचं. चिपमधलं सर्किट आम्ही व्हेरिलॉग या भाषेत लिहायचो. त्याआधी स्टेट मशीन काढायचं, म्हणजे माग कोणत्या अवस्थांत असू शकतो आणि एकीतून दुसरीत कधी जातो, याचा नकाशा.

संदेश परब लालबागचा, अजून प्रोबेशनवर. त्याचे वडील संपापर्यंत गिरणीत मागावर होते. त्यांना विचारून त्याने पाच अवस्थांत सगळा माग बसवला. माझ्या नकाशात अकरा होत्या. आमच्या प्रमुख कुलकर्णी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "देसाई, बघा. याला समज म्हणतात." मी हसलो. डबा तसाच घरी नेला.

त्याचा कोड तपासायला माझ्याकडेच आला. पाच अवस्थांना तीन बिट लागतात आणि तीन बिटांचे आठ आकडे होतात. उरलेल्या तीन आकड्यांचं काय, ते त्याने लिहिलंच नव्हतं. मोटरच्या झटक्याने मशीन त्यांत गेलं, की तिथेच अडकणार. डीफॉल्टची एक ओळ हवी होती: भलतं काही दिसलं, तर माग थांबव.

मला ते दिसलं. मी 'शेरा नाही' लिहून सही केली. वाटलं, सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या चाचणीत अडकेल, पोरगा जरा खाली येईल. पण सिम्युलेशनमध्ये मोटर नसते.

क्लायंटसमोरच्या त्या डेमोनंतर मॅडम म्हणाल्या, याला कायम करता येणार नाही. संदेश मान खाली घालून उभा होता. मी ओळ घातली, चिपमध्ये कोड पुन्हा भरला. माग थांबायला लागला.

"दहा मिनिटांत कसं सापडलं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"अनुभव," मी म्हणालो. पोराला ठेवा, असंही वर सांगितलं.

तो राहिला. "सर, तुमच्यामुळे नोकरी वाचली. बाबांनापण सांगितलंय," म्हणाला. त्याला खरं सांगायचं मी तेव्हा टाळलं, मग टाळतच गेलो.

आज तो मोठ्या हुद्द्यावर आहे. प्रत्येक डिझाइनमध्ये आधी डीफॉल्टची ओळ लिहितो आणि तिच्यापुढे शेरा टाकतो: 'देसाई सरांची ओळ'. त्याच्या हाताखालचेही आता तसंच लिहितात.

तपासणीच्या कागदावर मी परत कधी 'शेरा नाही' लिहिलं नाही. त्या एका कागदावर मात्र ते अजून आहे, खाली माझी सही.