बेशरमचं पान

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी मंडळात त्यांना ‘साहेब’ न म्हणणारं माणूस नव्हतं. मीही म्हणायचे. एका सरकारी कंपनीत ते मोठ्या पदावर होते. पद नेमकं कोणतं हे मला कधी कळलं नाही; मोठं होतं, एवढं मात्र दर भेटीत कळायचं.

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही गार्डन रीचला आलो. त्याआधी मी अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवत होते. इथे नोकरी मिळेना, तेव्हा मी आठवड्यातून दोनदा बजबजची लोकल पकडायला लागले. मधल्याच एखाद्या स्टेशनवर उतरायचं आणि रुळालगतच्या डबक्यांच्या कडेने वही घेऊन हिंडायचं. दोन वर्षांत साठेक रानफुलं नोंदली. प्रत्येकाचं कुळ, शास्त्रीय नाव, मराठी नाव, बंगाली नाव आणि फोटो. बंगाली नावं डबक्यांवर धुणं धुणाऱ्या बायकांनी सांगितली. त्यांतल्या एकीने तर माझ्या हातातली फांदी काढून घेऊन पाण्यात भिरकावली होती. “खाबेन ना दीदी, छागोलेओ खाय ना.” खाऊ नका, शेळीसुद्धा खात नाही.

ती फांदी बेशरमची होती. आपल्याकडे ओढ्याकाठी माजते तीच, खांद्याएवढी उंच, फिकट जांभळ्या भोंग्यासारख्या फुलांची. तोडून कुठेही फेका, तिथे उगवते, म्हणून हे नाव. बंगालीत तिला ढोलकलमी म्हणतात. नुसती कलमी म्हणजे वेगळी वनस्पती: पाण्यावर पसरणारा पोकळ देठांचा वेल, आपली नाळीची भाजी. इथल्या प्रत्येक बाजारात तिच्या जुड्या मिळतात. दोघी एकाच कुळातल्या, फुलंही बहिणीबहिणींसारखी. एक भाजी, दुसरी विषारी. माझ्या वहीत दोघींना दोन स्वतंत्र पानं होती आणि बेशरमच्या पानावर ‘विषारी’ हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला होता.

वहीची बातमी साहेबांच्या कानावर गेली आणि मंडळाने रानफुलांची पुस्तिका काढायचं ठरवलं. संपादक साहेब. त्यांच्या सॉल्ट लेकच्या घरी बैठक झाली. त्यांनी माझी वही हातात घेतली, लाल पेन उघडलं आणि पहिल्याच वाक्याला मला समजलं की हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणांवर शेरे मारत आलेला आहे.

“वहिनी, ही कुळं काढून टाकू. सामान्य वाचकाला कुळाशी काय करायचंय? मोठी फुलं आधी, बारकी मागे. लॅटिनही नको, जड होतं.”

“साहेब, लॅटिन काढलं तर कोणतं झाड ते कसं कळणार?”

“फोटो आहे ना! आणि हे काय? बेशरम?” त्यांनी चष्मा वर केला. “प्रमुख पाहुण्यांच्या हातात देणार आपण हे. त्यांनी पान उघडलं आणि समोर बेशरम?”

“ते झाडाचं नाव आहे. पाहुण्यांचं नाही.”

साहेबांच्या पत्नी चहा ठेवता ठेवता हसल्या आणि लगेच आत गेल्या. साहेब हसले नाहीत.

“सभ्य पर्याय हवा. इथे काय म्हणतात याला?”

“ढोलकलमी.”

“ढोल कशाला? पुस्तिका काढतोय, मिरवणूक नाही.” त्यांनी ढोल खोडला. कलमी राहिली.

मी समजावलं की कलमी ही वेगळी वनस्पती आहे, खातात ती. ते म्हणाले, बघू, प्रूफात बघू. प्रूफं मला आलीच नाहीत. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “तुम्हाला कशाला त्रास?” असली वाक्यं मोठ्या पदावर गेल्यावर शिकवत असावेत.

श्रावणातल्या एका रविवारी प्रकाशन झालं. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं निसर्गावर बोलले. गवतावरून त्यांचा बूट कधी गेला असेल असं त्यात काही नव्हतं. मी मागच्या रांगेत बसून पुस्तिका उघडली. पहिलंच रंगीत चित्र बेशरमचं होतं. वर नाव ‘कलमी’. आणि खाली माझंच वाक्य, नाळीच्या भाजीच्या पानावरचं: ‘कोवळे शेंडे व पाने भाजीसाठी वापरतात.’

घोटाळा लक्षात यायला मला मिनिटभर लागलं. ढोल खोडल्यावर वहीत कलमीची दोन पानं झाली होती. संपादकांना ती पुनरुक्ती वाटली. त्यांनी देखणा फोटो ठेवला एकीचा, आणि उपयुक्त माहिती ठेवली दुसरीची.

तेवढ्यात व्यासपीठावरून घोषणा झाली, की पुढच्या रविवारी रानभाजी स्पर्धा. पुस्तिकेतली कोणतीही भाजी शोधा, रांधा, घेऊन या.

मी सरळ व्यासपीठापाशी गेले. साहेब शाल सावरत होते. “साहेब, प्रती वाटू नका. पहिल्या पानावरची वनस्पती विषारी आहे.”

“वहिनी, आज नको.”

“कोणीतरी खाईल.”

“पुढच्या वार्षिक अंकात शुद्धिपत्र देऊ. चौकटीत देऊ, वाटल्यास.” एवढं बोलून ते पाहुण्यांना जिना दाखवायला गेले.

घरी येऊन मी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन्ही झाडांचे फोटो टाकले. कोणतं खायचं, कोणतं नाही, चार ओळींत लिहिलं. गटाचे ॲडमिन साहेब. दहा मिनिटांत माझा मजकूर उडाला आणि त्यांचा आला: ‘सभासदांनी गैरसमज पसरवू नयेत. पुस्तिका तज्ज्ञांकडून तपासून घेतली आहे.’ तज्ज्ञ म्हणजे कोण, हे विचारायलाही मला गटात जागा उरली नव्हती. त्यांनी मला काढलं होतं. नंबर होते त्या घरी मी फोन केले. निम्म्यांनी ऐकलं. बाकीच्यांना हे माझं आणि साहेबांचं भांडण वाटलं, आणि ते होतंही.

स्पर्धेच्या दिवशी मी तासभर आधी जाऊन दारातल्या टेबलापाशी उभी राहिले. येणारा प्रत्येक डबा उघडायला लावला. शेवगा, टाकळा, अळू. बायका वैतागत होत्या. मग सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी आली. इथेच वाढलेली, मराठी वाचताना अडखळणारी, म्हणून मजकुरापेक्षा चित्रावर विसंबणारी. तिच्यापर्यंत माझा फोन पोचला नव्हता.

“काकू, कलमी! फर्स्ट पेजवाली.”

“कुठून आणलीस?”

“कॅनॉलजवळ. किती मोठं झाड आहे, माझ्या खांद्याला लागतं.”

मी डबा बंद करून माझ्याकडे ओढला. “तू खाल्लीस?”

“मीठ बघायला फक्त. दोन चमचे.” मग जरा थांबून, “तेव्हापासून मळमळतंय. मला वाटलं, रात्रीचा मासा.”

ती बाथरूममध्ये उलटी करत होती तेव्हा आत दीपप्रज्वलन चाललं होतं. साहेब बाहेर आले, तिच्याकडे पाहिलं आणि मला हळू आवाजात म्हणाले, “उकाड्याने असेल. टॅक्सीने घरी पाठवा. कार्यक्रम सुरू करतोय.”

टॅक्सीने मी तिला रुग्णालयात नेलं. डबाही सोबत नेला. डॉक्टरांनी झाडाचं नाव विचारलं. मी लॅटिन सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. सलाईन लावून रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तिची आई माझा हात धरून रडली आणि मला आधी लाज वाटली, मग संताप आला, कारण रडायला दुसरं कोणीतरी यायला हवं होतं.

त्याच दिवसापासून मी घरोघरी जायला लागले. प्रत मागायची, ते पान फाडायचं, पर्समध्ये घालायचं. कोणाची परवानगी मागितली नाही. मुलीची गोष्ट सांगितल्यावर कोणी हरकतही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सॉल्ट लेकमध्ये एका जिन्यात असताना साहेबांचा फोन आला. मला वाटलं, मुलीची चौकशी करतील.

“वहिनी, तुम्ही जे पान फाडताय, त्याच्या मागच्या बाजूला माझं मनोगत आहे. फोटोसकट.”

“हो. पाहिलं.”

“मग हे काय चालवलंय? नुसत्या झाडावर चिकटपट्टी लावता आली असती.”

“ती कोणीही काढू शकतं, साहेब.”

मुलगी कशी आहे हे त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. मनोगतासाठी आपण किती बैठका घेतल्या, हे ते सांगू लागले. मी फोन खांद्यात धरला आणि पुढच्या दाराची बेल वाजवली.