मामेसासऱ्यांची शेड

देवाने माझ्या मामेसासऱ्यांना घडवताना सगळं दिलं, फक्त तोंडाला झाकण द्यायचं तेवढं विसरला. सकाळी त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत तोंडवलीच्या किनाऱ्यावरच्या शेवटच्या होडीपर्यंत पोचते, आणि तीही दोन-चार ठिकाणी सुधारणा होऊन. माझ्या नवऱ्याची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवलं ते या मामांनी आणि मामींनी. त्यांना स्वतःचं मूल नाही. त्यामुळे मी धामापूरहून लग्न होऊन आले ती मामांच्याच घरात, आणि घराला लागून असलेल्या त्यांच्या फायबरच्या होड्यांच्या शेडमध्ये.

मामांना गाऱ्हाणं घालायची भारी हौस. देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. पण ती जत्रेला, शुभकार्याला. मामा स्कूटर सुरू होईना तरी घालतात! "बा देवा म्हाराजा, ह्या भंगाराक सुबुद्धी दी रे म्हाराजा!" की कामगारांनी हातातलं काम टाकून होकार भरायचा. एकदा माल घेऊन येणारा टेम्पो तळेऱ्याच्या नाक्यावर बंद पडला, तर मामांनी फोनवरून गाऱ्हाणं घालून त्या घाटावरच्या ड्रायव्हरकडूनही 'व्हय म्हाराजा' वदवून घेतलं. आणि होडी तयार होऊन निघाली की मामा चक्क रडतात. "खडकार घालू नको हां, नाजूक आसा," असं घेणाऱ्याला बजावतात, आणि तो बापडा पोरगी पळवून नेत असल्यासारखा ओशाळून मान हलवतो.

फायबरची होडी म्हणजे साच्यावर काचेच्या धाग्याची चटई पसरायची, रेझिनच्या चिकट पाकात तो घट्ट करणारं हार्डनर कालवून तिच्यावर चोपडायचं आणि रोलर फिरवत राहायचं. वास असा की नवख्याच्या डोळ्यांना धारा लागतात. मामांना तो अत्तरासारखा. ड्रमचं झाकण उघडून नाक आत घालतील आणि वर येऊन समाधानाने सांगतील, "ताजो माल आसा." हाताला लागलेलं रेझिन ॲसिटोनने पुसणार आणि त्याच हाताने ड्रमावर ठेवलेल्या बशीतलं भजं उचलणार. कुणी तोंडाला रुमाल बांधला की, "काय रे, दरोडो घालूक चाललंस?" त्या थट्टेला कंटाळून मीही रुमाल सोडून दिला होता. मी चटई कापायची, रेझिन कालवायची. नवरा रोलर मारायचा. वासाची सवय झाली होती, आणि सवय झाली की माणसाला वाटतं, काही बाधत नाही.

मग आम्हाला मूल हवंसं वाटू लागलं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, शेजारणींच्या नजरा माझ्या पोटावरून फिरायला लागल्या होत्या. मालवणच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मला वाटलं रक्त तपासतील, गोळ्या देतील. त्यांनी पहिलं विचारलं, "काम काय करता?" सांगितलं तर हातातलं पेन खाली ठेवलं. "या वाफा श्वासातून जातात, कातडीतूनही जातात. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत सुरुवातीचे नाजूक आठवडे निघून गेलेले असतात, म्हणून काळजी आत्तापासूनच घ्यायची. तुम्ही रेझिनपासून लांबच राहा." नवरा निर्धास्त बसला होता, जसं काही त्याचा या प्रकरणाशी संबंधच नाही. बाई त्याच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही. पुरुषाच्या बीजावरही परिणाम होऊ शकतो. रुमालाने वाफ अडत नाही, तिच्यासाठी फिल्टरचे डबे लावलेला मास्क मिळतो. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, शेडमध्ये खाणंपिणं बंद. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. घाबरू नका, पण उद्यावरही टाकू नका."

आता मामांना सांगणार कोण? ज्या वासावर त्यांनी आयुष्य काढलं, त्यालाच नावं ठेवायची! शिवाय सांगितलं की गावभर झालं. नवरा म्हणे तू सांग, मी म्हणे तू सांग. शेवटी मामींना गाठलं. मामी फार कमी बोलतात. मामा दोघांच्याही वाटचं बोलत असल्यामुळे त्यांना गरजच पडत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि "मी सांगतंय" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मामा गप्प. काही दिवस अगदी गप्प! मला तर त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली.

मग एका नव्या होडीचा नारळ फोडायचा दिवस आला. होडीवाल्याचं सगळं गणगोत जमलेलं. मामांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही होडी सांभाळ रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आणि म्हाराजा, आमच्या सुनेक पोर व्हया आसा. डाक्टरणीन सांगलेला आसा, रेझिन वायट. तर हेंका दोघांकाय त्या वासापास्ना लांब ठेव रे म्हाराजा!" आणि सगळा किनारा, ओळखीचे-अनोळखी, एका सुरात: "व्हय म्हाराजा!" धरणीने पोटात घेतलं असतं तर मी मुकाट्याने गेले असते. नवरा होडीच्या मागे जाऊन बसला तो नारळाचा प्रसाद वाटून संपेपर्यंत बाहेर आला नाही.

पण दुसऱ्याच दिवशी मामांनी शेडची मागची पत्र्याची भिंत उतरवली. मोठे पंखे आले, डबेवाले मास्क आले, भज्यांची बशी कायमची घरात गेली. मला पडवीत बसून ऑर्डरी घ्यायचं काम, नवऱ्याला इंजिनं बसवायचं. मामा मास्कचे असे भक्त झाले की दुसऱ्याला जगणं नकोसं व्हावं. नवीन लग्न झालेला कामगार दिसला की भर शेडमध्ये, "पोराचो विचार आसा मां रे? मगे हय कित्याक मरतंस? भायर जा!" एकाने लाजून "नाय" म्हटलं, तर मामांनी थेट त्याच्या आईला फोन लावला.

एका संध्याकाळी ते पडवीत माझ्याशेजारी येऊन बसले. "चेडवा, डाक्टरीण बापयांचा काय म्हणाली ता परत सांग."

पुरुषाच्या बीजाबद्दल बाई बोलल्या होत्या ते मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे बापयाक पण बाधता."

"बाधू शकता. बाधताच असा नाय."

मामा हातातला मास्क फिरवत राहिले. लग्नाआधी गोव्यात हे काम शिकले तेव्हापासून तो वास त्यांच्या अंगात होता. आणि मूल नाही म्हणून उपास केले ते मामींनी, अंगारे खाल्ले ते मामींनी, बारशा-डोहाळजेवणांत मागे राहिल्या त्याही मामीच. मामांना कुणी तपासायलासुद्धा नेलं नव्हतं. खरं काय होतं ते आता कुणालाच कळायचं नाही, आणि मला त्या क्षणी दोघांचीही फार कणव आली. मामा उठून स्वयंपाकघरात गेले. मामी बांगडे साफ करत होत्या.

"गो, आपणाक पोर नाय, ता माझ्यामुळे पण आसात." इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मामींचा हात थांबला नाही. "माका कित्याक सांगतास? माका बोल लावलो तो लोकांनी. तेंका सांगा."

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. गुण पंख्यांचा, देवाचा की नुसत्या नशिबाचा, कोण सांगणार? डोहाळजेवणाला घर बायकांनी भरून गेलं. पहिली ओटी कुणी भरायची यावर कुजबुज चालली होती आणि मामी नेहमीप्रमाणे चुलीपाशी होत्या. तेवढ्यात मामा आले. जिथे त्या दिवशी एकही पुरुष पाय टाकत नाही त्या खोलीत, मामींना हाताला धरून, मास्क कपाळावर चढवलेला तसाच.

"पयली ओटी ही भरतली."

"अरे, पण हिका..." एक म्हातारी अडखळली.

"पोर नाय म्हणान मां? ती खोट माझ्यात पण आसात! जल्म काढलंय मी रेझिनात. हिका एकलीक बोल लावलात इतकी वर्सा. आता काय विचारूचा ता माका विचारा." ते तसेच बाहेर निघून गेले.

मामी पाटासमोर बसल्या. खण, नारळ, तांदूळ. पहिले मूठभर तांदूळ माझ्या पदरात पडायच्या आधीच जमिनीवर सांडले. मी रडत होते, त्या नाही. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली आणि इतक्या सावकाश माझी ओटी भरली की मागची बायकांची रांग दाराबाहेर गेली. कुणीही घाई केली नाही.