एकीच्या बदल्यात दोन

दोन उंच मुली मिळताहेत म्हणून मी आमच्या बास्केटबॉल संघातली सर्वांत चांगली खेळाडू दुसऱ्या क्लबला देऊन टाकली, आणि तिला विचारायचंच राहिलं. तेव्हा मी बावीस वर्षांची कप्तान. कपाळाला पट्टी, गळ्यात शिट्टी, डोक्यात हवा. शिट्टी कप्तानाची नसते, पण मला सांगणार कोण?

मोसमाआधी क्लबने ना-हरकत पत्र दिलं की खेळाडू इकडची तिकडे व्हायची. आमच्या क्लबची लिखापढी माझ्याकडेच होती. मी ते पत्र अगदी झोकात लिहिलं. संध्याकाळी ती कोर्टावर आली, तर तिची सात नंबरची जर्सी नव्या मुलीच्या अंगात. तिने तशीच सायकल वळवली आणि गेली.

ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, मागच्या गल्लीतली. तिला आई नव्हती. सामन्याच्या दिवशी तिचा डबा आमच्या घरून यायचा. चित्रान्नात, म्हणजे लिंबाच्या भातात, शेंगदाणे कमी पडले की बाईसाहेब रुसायच्या.

त्या वर्षी फायनल नेमकी तिच्या नव्या क्लबशी झाली. उत्तरार्धात ती नुसती चालत होती. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. फोटोत मी ढाल अशी कवटाळली आहे, जशी काही आत्ताच बाळंत झालेय.

सौदा फळला की नाही, हा आमचा वाद तेव्हापासूनचा. जुन्या मैत्रिणींचा फोनवर ग्रुप आहे. ती त्यात नाही. एक म्हणते, ढाल मिळाली, विषय संपला. दुसरी म्हणते, ढाल एका वर्षाची, पुढची चार वर्षं तिनेच आपल्याला धुतलं. मी कायम पहिलीच्या बाजूने. हल्ली तिथेही सामसूम असते. कुणी अमेरिकेत, कुणाचे गुडघे गेलेले, दोघी तर गेल्याच. बंगळुरात मारतहळ्ळीच्या या अकराव्या मजल्यावर मुलगा-सून व्हाइटफील्डला ऑफिसच्या कॅबमध्ये बसले आणि नात कॉलेजला गेली, की भांडायला मला फक्त कुकर उरतो. तोही तीन शिट्ट्यांत गप्प होतो.

परवा रविवारी नात नाश्ता सोडून उठली. अमेरिकेतल्या तिच्या लाडक्या संघाने हुकमी खेळाडू दुसऱ्या संघाला दिला होता. मुलगा म्हणाला, बदल्यात काय मिळालं ते बघ ना. ती म्हणाली, "पण त्याला कुणी विचारलं का, अप्पा?"

माझा डोसा तव्यावर करपला.

सोमवारी घर रिकामं झाल्यावर माझ्या जुन्या सात नंबरवालीचा फोन नंबर मिळवला. पन्नास वर्षांनी माझं नुसतं हॅलो ऐकून तिने ओळखलं. मी एवढंच विचारलं, की मी तुला दुसऱ्या क्लबला दिलं ते चुकलंच ना. ती म्हणाली,

"अक्का, फायनलला मी उपाशी खेळले. डबा तू आणशील असं धरून चालले होते."