झोपेचे डोहाळे

आम्हा तिघी बहिणींच्या वेळी आईनं नवव्या महिन्यापर्यंत विड्या वळल्या. तिला काय हवंय, हे कुणी विचारलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर. मला सगळे विचारतात, पण फक्त खाण्याचं. सातव्या महिन्यात झोप उडालीय, उगाच रडू येतं. हार्मोन्समुळे होतं, असं मी सासूबाईंना नीट समजावलं.

"डोहाळे गं ते. चिंच खा," त्या म्हणाल्या.

शिकून घरात आणलेल्या शब्दाला घरात किंमत नसते. डोहाळे मात्र पुरवावेच लागतात. आज चिंचेची वाटी तिसऱ्यांदा पुढे आली, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "अहो आई, मला झोपेचे डोहाळे लागलेत."

त्यांनी वाटी उचलून आत नेली. मग गप्पांना आलेल्या शेजारणीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं, "नंतर ये, सुनेचे डोहाळे पुरवतेय."

भर दुपारी मी सलग तीन तास झोपले.