जॉब, वर्क आणि स्टाफ फोटोतल्या खुर्च्या

मित्रांनो, आज मलकापूरहून एसटीनं कॉलेजात पोचलो आणि पहिल्याच तासाला ‘जॉब’ आणि ‘वर्क’मधला फरक शिकवला. आपण करतो ते वर्क, नेमणूक मिळते तो जॉब. तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवण्याचं माझं हे अकरावं वर्ष.

दुपारी स्टाफचा फोटो होता. मी बसायला गेलो, तर शिपाई हळूच म्हणाला, "सर, तुम्ही मांगं उभे राहा. खुर्च्या पर्मनंटवाल्यायच्या हायेत."

उभा राहिलो.

मग प्राचार्यांनी बोलावलं. "फोटोखाली इंग्रजीत नावं लिहून द्या. बसलेल्यांचीच. तुमचं इंग्रजी चांगलं आहे."

बारा नावं लिहून दिली. एकही चूक नाही.

उद्या पोरांनी या दोन शब्दांचं उदाहरण मागितलं, तर हाच फोटो दाखवू का?